गाळण्यापासून खिडकीच्या जाळीपर्यंत



पावसाळा तोंडावर आला की आपल्या खापरखेड्यात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. यंदा चातुर्मासाला जवळपास कुठे महाराज आहेत, आणि खिडक्यांना जाळी कोणती लावायची. पहिल्या प्रश्नाचं उत्तर समाजातली वडीलधारी मंडळी देतात. दुसऱ्याचं उत्तर दुकानदार देतो, आणि ज्या मालाचा साठा त्याच्याकडे जास्त, तोच माल चांगला असं ते उत्तर असतं. नायलॉन, फायबर, ॲल्युमिनियम, स्टील, गुंडाळीची, घडीची, सरकती. ऐकूनच डोकं चक्रावतं.

म्हणून आज जाळीचा इतिहास सांगते. डासांपासून घर राखायचे जगात दोनच रस्ते निघाले. एक मारण्याचा, दुसरा अडवण्याचा. दोन्ही रस्त्यांवर कोण कुठवर गेलं हे इतिहासात नोंदलेलं आहे. आपल्या आज्या-पणज्या दुसऱ्या रस्त्याने चालत होत्या, तेही खिडकीला जाळी लावतात हे कोणाला माहीत नव्हतं तेव्हापासून.

आपली पहिली जाळी

आपल्या घरातली सगळ्यात जुनी जाळी म्हणजे पाण्याचं गाळणं. ३६ अंगुळं लांब, २४ अंगुळं रुंद, जाड सुती कापड, आणि तेही दुहेरी. सूर्यासमोर धरलं तर बिंब दिसू नये, इतका त्याचा विणाव घट्ट असावा असं जुन्या बायका सांगत. पाणी गाळलं की काम संपत नाही. गाळण्यावर राहिलेली जिवाणी गाळलेल्या पाण्यानेच हळूच धुवून, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. त्यासाठी बुडाला कडी असलेली बादली असे. ती पाण्यापर्यंत नेऊन अलगद उलटी करायची, म्हणजे जिवाणी वरून आपटत नाही. गाळलेलं पाणीही दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं चालतं. मग पुन्हा गाळायचं.

यातला विचार नीट पाहा. जीव आणि आपण यांच्यामध्ये एक कापड धरायचं. जीव त्याच्या जागी, आपण आपल्या जागी. कोणी कोणाला मारायचं नाही.

दुसरी जाळी म्हणजे चंदोवा. चूल, पाण्याची जागा, जातं, उखळ, जेवायची जागा, अंथरूण, सामायिकाची जागा, मंदिर, अशा दहा ठिकाणी वर कापड ताणायची आपली रीत होती. कौलारू घरात वरून पाल, किडा, कोळी, जाळ्याचा तुकडा काहीही पडे. तो अन्नात पडून मरू नये आणि अन्नही बिघडू नये, दोन्ही कामं एका कापडाने होत. आता स्लॅबची घरं झाली, चंदोवा मंदिरात उरला. पण छतातून येणारे जीव थांबले तरी खिडकीतून येणारे थांबले नाहीत. मला तर खिडकीची जाळी म्हणजे उभा टांगलेला चंदोवाच वाटतो.

शास्त्रात माशी, डास, भुंगा, पतंग हे चतुरिंद्रिय जीव. त्यांना स्पर्श, चव, वास आणि दृष्टी आहे. रात्री न जेवण्याचं एक मोठं कारण हेच, की दिव्यावर येणारे जीव ताटात पडतात. आणि मुनींच्या बावीस परीषहांमध्ये एक खास डासांचाच आहे, दंशमशक परीषह. बौद्ध भिक्षूंना विनयात मशककुटी, म्हणजे मच्छरदाणी वापरायची मुभा दिलेली आढळते. आपल्या दिगंबर मुनींना तीही नाही. रामटेकला आचार्य विद्यासागर महाराजांचे चातुर्मास झाले तेव्हा ज्यांनी दर्शन घेतलं, त्यांनी पावसाळ्यातलं ते जंगल आणि त्यातले डास पाहिले आहेत. तो मुनिधर्म. आपण गृहस्थ. आपल्या घरात लहान मुलं आहेत, म्हातारे सासू-सासरे आहेत. आपल्याला परीषह सहन करायला सांगितलेलं नाही, पण संकल्प करून जीव मारू नका एवढं नक्की सांगितलं आहे.

चाळणीवाल्यांची युक्ती

धातूच्या बारीक जाळीची पहिली मोठी कीर्ती आपल्यासारख्याच कोळशाच्या मुलखात झाली. इंग्लंडच्या खाणींत ज्वालाग्राही वायू साठे, उघड्या दिव्याने तो पेटे आणि खाणकामगार होरपळून मरत. १८१५ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवलेला दिवा तयार केला. एका इंचात २८ तारा, म्हणजे चौरस इंचात ७८४ छिद्रं. जाळीची तार ज्योतीची उष्णता शोषून पसरवते, त्यामुळे वायू आत आला तरी ज्वाला बाहेर जात नाही. सिलेवाडा, वलनी या आपल्या परिसरातल्या खाणींत ज्यांच्या घरचे कामाला होते, त्यांना वायू तपासायचा ज्योतीचा दिवा ऐकून तरी माहीत असेल. त्या दिव्याची एक गोष्ट मला फार आवडते. त्याच्यावर झेपावलेला पतंग जाळीवरच थांबतो, ज्योतीपर्यंत पोहोचत नाही. डेव्हीच्या मनात पतंग नव्हता, माणूस होता. पण माणूस वाचवायला केलेल्या वस्तूने पतंगही वाचला.

खिडकीची जाळी मात्र खाणीतून आली नाही. ती स्वयंपाकघरातून आली. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या जॉर्जटाउन गावी गिल्बर्ट अँड बेनेट नावाची कंपनी होती. तिचा धंदा चाळण्यांचा. आधी घोड्याच्या केसांच्या, मग तारेच्या. १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडची राज्यं तुटली आणि तिकडे जाणारा माल पडून राहिला. तारेची कापडासारखी गुंडाळी गोदामात पडलेली. ती गंजू नये म्हणून रंग लावला आणि खिडक्यांना लावायला म्हणून विकायला काढली. माल हातोहात गेला.

म्हणजे बघा, जगातल्या खिडकीला जाळी मिळाली ती चाळणीकडून. पीठ चाळताना जे आपण करतो, तेच खिडकी वाऱ्याला करू लागली. हवा येऊ दे, किडा बाहेर राहू दे.

ओस्तियाची झोपडी

तोपर्यंत जाळी ही सोयीची वस्तू होती. ती जीव वाचवते हे कोणाला माहीत नव्हतं, कारण डासाने हिवताप होतो हेच माहीत नव्हतं. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले. पुढच्या वर्षी कलकत्त्याला त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून सगळं चक्र सिद्ध केलं. १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यासाठी त्यांनी किती डास चिरले, हे वाचताना आपल्या मनाला बरं वाटत नाही, हे खरं. पण आज आपण न मारता वाचू शकतो, तेही त्याच ज्ञानामुळे, हेही तितकंच खरं.

कारण लगेच पुढचा प्रश्न आला. डास रोग देतो, तर डासाला नुसतं अडवलं तर? १९०० साली इंग्लंडहून सांबोन आणि लो हे दोन डॉक्टर इटलीत रोमजवळ ओस्तियाच्या दलदलीत राहायला गेले. ती जागा हिवतापाने बदनाम. त्यांनी लाकडी झोपडी उभी केली, दारं-खिडक्यांना तारेची जाळी लावली. दिवसभर ते गावात फिरत, तिथलं पाणी पीत, पावसात भिजत. दिवस मावळायच्या आधी मात्र झोपडीत येऊन दार लावून घेत. औषधाची गोळी घेतली नाही. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, हिवतापाचा सगळा हंगाम त्यांनी तिथे काढला. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत होते, हे दोघे ठणठणीत राहिले. त्याच सुमारास इटलीतले शास्त्रज्ञ ग्रासी आणि चेली यांनी रेल्वे कामगारांच्या घरांना जाळ्या लावून हेच दाखवलं.

सूर्यास्ताच्या आत घरात येणं, दार लावणं, जीव आणि आपण यांच्यात जाळी धरणं. हे वाचून आपल्यातल्या कोणाला आपल्या आजीची संध्याकाळ आठवणार नाही? तिने ते अहिंसेसाठी केलं, त्यांनी आरोग्यासाठी. जाळी तीच.

मग पनामा. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर जोडणारा कालवा खणायला आधी फ्रेंच गेले होते. पिवळा ताप आणि हिवताप यांनी हजारो माणसं गेली आणि १८८९ साली काम बंद पडलं. त्यांच्या दवाखान्यात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, आणि खिडक्यांना जाळी नव्हती. मुंग्या थांबल्या; डास त्या वाट्यांत जन्मले आणि रुग्णांना चावले. आपल्याकडेही दुधा-साखरेच्या फडताळाखाली अशा वाट्या ठेवायची पद्धत आहे. मुंगी वाचावी हा हेतू चांगलाच, पण वाटीतलं पाणी रोज बदललं नाही तर तिथे दुसऱ्या जीवांची पैदास होते आणि पुढे त्यांचा घात आपल्याच हातून होतो. १९०४ पासून अमेरिकेच्या डॉक्टर गोर्गास यांनी पनामाची व्यवस्था हाती घेतली. साचलेलं पाणी काढलं, झाकलं, आणि इमारतींना जाळ्या लावल्या. दमट हवेत लोखंड टिकेना, म्हणून तांब्या-कांस्याच्या तारेची जाळी वापरली. १९०५ साल सरता सरता पनामा शहरातला पिवळा ताप संपला. गोर्गासनी पाण्यावर तेलही ओतलं, धूरही केला, म्हणजे मारण्याचा रस्ताही वापरला, हे लपवायचं कारण नाही. पण जाळीशिवाय ते काम झालं नसतं.

त्याच जाळीची थापटी

याच काळात त्याच जाळीचं दुसरं रूप निघालं. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात डॉक्टर क्रम्बाइन यांनी १९०५ साली माश्यांविरुद्ध मोहीम काढली. घराघरांत जाळ्या लावा, असा प्रचार झाला. पण एका शाळामास्तरांनी खिडकीच्या जाळीचा उरलेला तुकडा लाकडी पट्टीला ठोकला आणि माशी मारायची थापटी तयार केली. जाळीतून हवा निघून जाते, म्हणून माशीला धक्का कळत नाही आणि ती उडत नाही. आज दुकानात टांगलेली, चार्ज करायची, कडकड वाजणारी मच्छर मारायची बॅट ही त्या थापटीचीच नात.

जाळी एकच. खिडकीत बसवली तर ती अडवते, काठीला लावली तर मारते. आपल्या भाषेतही पाहा ना, कोळ्याचं ते जाळं आणि खिडकीची ती जाळी. एक पकडायला, एक राखायला.

बॅटबद्दल कोणाला रागवायला मी बसलेली नाही. पण मुलाच्या हातात ती देऊन "मार, मार" म्हणताना आपण त्याला काय शिकवतो, एवढं मनाशी विचारावं. चुलीवर, झाडताना, प्रवासात जी हिंसा घडते ती आरंभी, गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. ठरवून, शोधून, टिपून मारणं मात्र संकल्पी. आवाज ऐकून हसणं तर त्याहून वाईट.

विहिरी, डीडीटी आणि गप्पी मासे

महाराष्ट्रात या दोन रस्त्यांचा झगडा पहिल्यांदा मोठ्याने झाला तो मुंबईत. शहरात हिवताप वाढला तेव्हा डॉक्टर बेंटले यांनी तपास केला आणि १९११ साली अहवाल दिला. हिवतापाचा डास मुंबईच्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, म्हणून विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असं त्यांचं म्हणणं. धर्मकार्याला विहिरीचं पाणी लागणाऱ्या लोकांना ते मान्य होईना. पारशी आणि हिंदू समाजांतून विरोध झाला. या वादातून रुस्तम मसानी यांनी विहिरींविषयीच्या लोकसमजुतींवर १९१८ साली एक इंग्रजी पुस्तकच लिहिलं. आपल्यालाही हा वाद समजतो, कारण मुनींच्या आहाराला विहिरीचं पाणी लागतं आणि जिवाणी विहिरीतच परत सोडायची असते. पण आतमध्ये डास वाढत असतील, तर उघडी विहीर ही धर्माची राखण नाही. घट्ट बसणारी बारीक जाळी लावली, पाणी काढायला छोटं झाकण ठेवलं, तर ऊन-वारा विहिरीला मिळतो, पाणी काढता येतं, जिवाणी सोडता येते आणि डासाला अंडी घालायला जागा राहत नाही.

देशाने मात्र पुढे मारण्याचा रस्ता धरला. स्वातंत्र्यानंतर दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारलं. १९५८ साली तो निर्मूलनाचा कार्यक्रम झाला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्ण लाखाच्या आत आले. ही लहान गोष्ट नव्हे. त्या फवारणीने लाखो आया-मुलं वाचली, हे मान्य करायला हवं. पण डास डीडीटीला सरावले, काम सैलावलं, आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. मारण्याच्या रस्त्याची ही अडचण आहे. जे उरतात ते अधिक चिवट निघतात. अडवणाऱ्या जाळीला डास कधी सरावत नाही.

आजही आरोग्य विभागाच्या ताई येतात, टाक्या पाहतात, अळ्या दिसल्या तर औषध टाकतात, कुठे गप्पी मासे सोडायला सांगतात. आपल्या बायकांची तेव्हा पंचाईत होते. नाही म्हणावं तर शेजारच्याच्या मुलाला डेंगू होईल. हो म्हणावं तर डोळ्यांदेखत अळ्या माशांच्या तोंडी द्यायच्या. याला माझं उत्तर एकच. हा प्रश्न आपल्या दारात उभाच राहू द्यायचा नाही. टाकीचं झाकण घट्ट, तोटीजवळ गळती नाही, संडासाच्या टाकीच्या हवेच्या पाइपाला जाळी बांधलेली, आठवड्याचा कोरडा दिवस पाळलेला. जो जीव तिथे जन्मलाच नाही, त्याला मारायची वेळ येत नाही. आणि हे करूनही कधी औषध टाकायची वेळ आली, तर ताईंना अडवू नका. शेजाऱ्याच्या लेकराचा जीवही पंचेंद्रियच आहे.

आपल्या मुलखाचे किडे

जाळी निवडायची तर आपल्याकडे कोणते किडे आहेत ते आधी पाहावं लागतं, आणि इथे नागपूरचा इतिहास वेगळा आहे.

नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा हत्तीरोगाचा. तो पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात, गटारात, संडासाच्या टाकीत वाढतो आणि रात्री चावतो. या रोगाचे जंतू रात्रीच रक्तात वर येतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार रक्त घ्यायला येतात. २०१९ साली तीन औषधं एकत्र द्यायची नवी मोहीम देशात मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नागपूर होतं. दुसरा एडिस, डेंगू आणि चिकनगुन्याचा. हा स्वच्छ पाण्यातला आणि दिवसा चावणारा. चिकनगुन्याची मोठी साथ १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला आली होती, मग तो जवळपास तीस वर्षं दिसेनासा झाला आणि २००६ साली परत आला. तेव्हा वाकून चालणारी माणसं आपल्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असतील.

तिसरा किडा मात्र दुकानदाराला ठाऊक नसतो. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. गावाच्या नावावरून त्याचं नाव पडलं चांदीपुरा. २००३ साली आंध्रात त्याने ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यातली १८३ गेली. महाराष्ट्रातही तो दिसला, नंतरही विदर्भात अधूनमधून डोकं वर काढत राहिला. तो पसरवते ती वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय. दोन-तीन मिलिमीटरची, भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, ओलसर मातीत राहणारी, जमिनीलगत छोट्या उड्या मारत उडणारी. डासांची साधी जाळी तिला अडवत नाही. ती छिद्रातून सरळ आत येते.

जगाच्या वैद्यकाच्या पुस्तकात आपल्या नागपूरकडच्या गावाचं नाव एका माशीमुळे गेलं आहे. निदान आपण तरी जाळी घेताना तिची आठवण ठेवावी.

मग कोणती घ्यायची

दुकानात जाताना मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी सोबत न्या. जाळीवर ठेवून एका इंचात किती छिद्रं आहेत ते मोजा. फायबरच्या साध्या जाळीत एका बाजूने १८ आणि दुसऱ्या बाजूने १६ असतात. छिद्र साधारण सव्वा मिलिमीटरचं. डास, माशी, पतंग, पाखरं यांना ती पुरते. वाळूमाशीसाठी छिद्र ०.६ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक हवं, म्हणजे इंचात तीसच्या जवळपास. डेव्हीच्या दिव्याची जाळी जवळपास तेवढीच होती.

मग सगळीकडे बारीकच का नको? कारण आपलं ऊन. मे महिन्यात वारा अडला तर घराची भट्टी होते. शिवाय कोळशाच्या गावात धूळ बारीक. छिद्र जितकं लहान तितकं लवकर बुजतं. म्हणून मी असं सुचवते. तळमजल्यावर, मुलं झोपतात त्या खोलीला, गोठ्याच्या किंवा परसाच्या बाजूच्या खालच्या खिडक्यांना बारीक जाळी. वरच्या मजल्याला आणि बैठकीच्या खोलीला साधी १८ बाय १६. त्याबरोबर भिंतीच्या भेगा बुजवा, कारण वाळूमाशीचं घरच तिथे असतं.

मालाचं म्हणाल तर नायलॉनची चिकटपट्टीवाली जाळी स्वस्त आणि भाड्याच्या घराला बरी, पण ऊन लागून दोन-तीन वर्षांत पट्टी सुटते आणि कोपरा उघडा पडतो. फायबरची मऊ, गंजत नाही, पण मांजराच्या नखांनी फाटते. ॲल्युमिनियमची दाबली की खड्डा पडतो. स्टीलची महाग, पण घासून धुता येते आणि वर्षानुवर्षं टिकते. स्वयंपाकघराला आणि धुळीच्या दिशेच्या खिडकीला मी स्टीलच घ्या म्हणेन. घडीची जाळी दिसायला सुंदर, पण घड्यांत धूळ आणि बारीक जीव अडकतात. आपल्याला साफ करताना यत्न पाळायचा असतो, तिथे ती त्रासाची. औषध लावलेली जाळीही मिळते. तिला टेकलेला कीटक मरतो, म्हणून घरच्या खिडकीला ती नको. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात सरकार औषधी मच्छरदाण्या वाटतं, तिथल्या आईने ती वापरली तर तिला नावं ठेवू नयेत. तिचा प्रश्न वेगळा आहे.

जाळीपेक्षा फट महत्त्वाची. सरकत्या खिडकीच्या दोन पाखांमधली फट, चौकटीखालची पाणी जायची भोकं, स्नानघराचा झरोका, एक्झॉस्ट पंख्याची जागा, दाराखालची मोकळी जागा, मोरी. संध्याकाळी खोलीत दिवा लावून बाहेरून चक्कर मारा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून पतंग येणार. गाळण्याचं बिंब पाहायचं असतं ना, तसंच हे.

आणि कूलर. नागपूरच्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या गेल्या आणि खिडकीत कूलर बसला. त्याच्या कडेची फट फळीने किंवा जाळीने बंद करा. टाकीचं पाणी गाळूनच भरा आणि दर दोन-तीन दिवसांनी बदला, अळी होईपर्यंत ठेवू नका. पहिला पाऊस पडला की टाकी पुसून, वाळवून, कापड बांधून ठेवा.

जाळी साफ करायची ती दिवसाच्या उजेडात. आधी मऊ कुंच्याने बाहेरच्या बाजूने हळूच झटका, बसलेले जीव उडू द्या, मग ओल्या फडक्याने पुसा. एकदम पाण्याचा फवारा मारू नका. आत शिरलेला डास किंवा पतंग दिसला तर खोलीतला दिवा मालवून बाहेरचा लावा, जाळी क्षणभर सरकवा. बहुतेक जीव उजेडाकडे आपणहून जातात. न गेलेल्यासाठी पेला आणि कागद आहेच.

आपलं गाव विजेचं. १९८९ ते २०११ या काळात इथे २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक संच उभा राहिला, एकूण १३४० मेगावॅट. या विजेने कितीतरी गावांत दिवे लागतात आणि प्रत्येक दिव्यावर रात्री पाखरं येतात. दिवे तर लागणारच. त्या दिव्यांच्या खिडकीला जाळी असावी, एवढं काम आपल्या हातातलं आहे. येत्या आठवड्यात आषाढी अष्टाह्निकेच्या आधी घर आवराल तेव्हा एक पट्टी हातात घ्या आणि आपल्याच खिडक्यांची छिद्रं मोजून पाहा. किती निघाली, ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.